दिवस मोजणारा पाळणा : अवघड बाळंतपण आणि नवजात बालकाच्या स्वागताची मराठी भाषा

विद्यापीठीय अभ्यासक्रमात लोकसाहित्य शिकविले जाते तेव्हा पाळणा हा रचनाप्रकार बहुधा वात्सल्यरसाचे उदाहरण म्हणून विद्यार्थ्यांसमोर येतो. आई झोका देते, बाळ निजते, घरात आनंद असतो, असे त्याचे विवरण केले जाते. हे विवरण चुकीचे नाही. ते अपुरे आहे. पाळणा परंपरेने बारशाला, म्हणजे जन्मानंतर बाराव्या किंवा तेराव्या दिवशी म्हटला जातो. मूल जन्मल्यापासून पाळण्यात पडेपर्यंत घर काय करीत होते आणि त्या काळात स्वागताचा उच्चार का टाळला जात होता, हे विचारल्याशिवाय ह्या गीताचा अर्थ पूर्ण उलगडत नाही.

मराठी लोकजीवनाने नव्या बाळाच्या स्वागतासाठी घडविलेली भाषा ही मुळात संकटातून निभावल्याची भाषा आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. ह्या भाषेत आनंद नाही असे नव्हे. तो काही दिवस राखून ठेवलेला आहे. हे प्रतिपादन तपासण्यासाठी अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेड तालुक्याचा विशेष आधार घेतला आहे. अहिल्यादेवी होळकरांचा १७२५ मधील जन्म ज्या चौंडी गावातला, ते गाव ह्याच तालुक्यात आहे आणि जिल्ह्याचे आजचे नाव त्यांच्यावरूनच पडले आहे. मात्र येथे जामखेडचा विचार करावयाचा तो वेगळ्या कारणासाठी. १९७० नंतर ह्या भागात बाळंतपणाची परिस्थिती झपाट्याने बदलत गेली. परिस्थिती बदलली म्हणजे तिच्यातून जन्मलेल्या भाषेचे काय होते, हा प्रश्न येथे प्रत्यक्षाच्या आधारे विचारता येतो.

१. सुटकेचे शब्द

प्रथम बोलीतील शब्दांकडे वळू. बाळंतपण पार पडल्यावर ग्रामीण मराठीत जी बातमी दिली जाते, तिच्या केंद्रस्थानी बाळ नसते. ‘बाई मोकळी झाली’, ‘सुटली एकदाची’, ‘सुटका झाली’ असे आधी सांगितले जाते. काय झाले हे त्यानंतर. प्रसूती लांबली तर ‘बाई अडली’ असे म्हणतात. अडणे आणि सुटणे ही क्रियापदांची जोडी एरवी वाटेत रुतलेल्या गाडीला, खोळंबलेल्या कामाला किंवा संकटात सापडलेल्या माणसाला लावली जाते. बाळंतपणासाठी भाषेने तीच जोडी निवडली, ह्यात त्या प्रसंगाकडे पाहण्याची दृष्टी आहे. बाळंतपण हा बाईचा दुसरा जन्म असतो ही सर्वतोमुखी झालेली समजूतही ह्याच दृष्टीतून आली आहे. जन्म बाळाचा झालेला असतो, पण भाषा आधी आईचा जन्म मोजते.

‘सोयर’ आणि ‘सुतक’ ही जोडीही विचारात घ्यावयास हवी. आजच्या मराठीत जन्माचे अशौच ते सोयर आणि मृत्यूचे ते सुतक असा भेद आपण करतो. परंतु ‘सुतक’ शब्दाचे मूळ असलेला संस्कृत ‘सूतक’ हा शब्द ‘सू’ म्हणजे प्रसवणे ह्या धातूपासून आलेला आहे आणि त्याचा प्राथमिक अर्थ जन्म, जन्मनिमित्त येणारे अशौच असाच आहे. प्रसवाचा शब्द कालांतराने मृत्यूकडे सरकला. अर्थांतराची कारणे भाषावैज्ञानिक स्वतंत्रपणे मांडतील. पण ज्या घरात बाळंतिणीची खोली आणि मरणाची शक्यता एकमेकींना लागून होत्या, तेथे हे अर्थांतर परके वाटले नसावे, एवढे म्हणता येते.

तिसरा शब्द ‘पायाळू’ हा होय. पायाकडून जन्मलेल्या मुलाला हे विशेषण जन्मभर चिकटते. पूर्ण दिवसांच्या बाळंतपणांत सुमारे ३ ते ४ टक्के बाळे अशा स्थितीत असतात, आणि डोके शेवटी येत असल्यामुळे ते अडकण्याचा, बाळ गुदमरण्याचा धोका मोठा असतो. म्हणजे पायाळू माणूस हा अवघड बाळंतपणातून वाचलेला माणूस असतो. लोकसमजुतीने त्याला काय दिले ते पाहण्यासारखे आहे. त्याला जमिनीखालचे पाणी किंवा धन दिसते, त्याचा पाय लागला की पाठीतली उसण जाते, आणि विजेचे भय त्याला इतरांहून अधिक असते, असे मानले जाते. ह्या समजुतींना वैद्यकीय आधार नाही. तथापि त्यांची घडण अर्थपूर्ण आहे. जन्माच्या वेळी जो पाय संकटाचे कारण होता, तोच पाय पुढे गावाच्या उपयोगी पडतो. अवघड जन्म विसरला जात नाही. त्याचे रूपांतर एका सामर्थ्यात केले जाते आणि विजेच्या भयाच्या रूपाने त्यातला धोकाही स्मरणात ठेवला जातो.

२. सटवीची रात्र

जन्म झाला, बाई सुटली, तरी संकट संपले असे ही परंपरा मानीत नाही. पाचव्या दिवशी पाचवी पुजली जाते आणि सहाव्या रात्री सटवी किंवा सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचे भविष्य लिहून जाते, अशी श्रद्धा महाराष्ट्रात सर्वदूर आढळते. ‘सटवी’ हा शब्द ‘षष्ठी’ ह्या संस्कृत शब्दाचे मराठी रूप आहे. म्हणजे देवतेचे नावच तिथीच्या क्रमांकावरून पडले आहे. पूजेची मांडणी प्रदेशपरत्वे बदलते, पण पाटा-वरवंटा, कोरा कागद, लेखणी, दिवा आणि विळा किंवा तत्सम लोखंडी वस्तू ह्या गोष्टी वारंवार दिसतात. बायका रात्र जागून काढतात.

सटवीचे रूप दुहेरी आहे. ती भविष्य लिहिणारी आहे आणि बाळाला नेणारीही आहे. झोपेत बाळ हसले की सटवाई हसवते असे कौतुकाने म्हणतात, आणि हेच नाव शिवी म्हणूनही वापरतात. एकाच देवतेविषयी असे दोन टोकांचे भाव का असावेत, ह्याचा विचार करताना लोकसाहित्याचा अभ्यासक बहुधा मातृदेवतांच्या परंपरेकडे वळतो. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ (१९७८) ह्या ग्रंथात सृजनदेवतांचा जो व्यापक मागोवा घेतला आहे, त्यामुळे ही वाट आपल्याला परिचित आहे. तिच्या जोडीला दुसरी एक वाट घेणे आवश्यक वाटते, आणि ती वैद्यकाची आहे.

नवजात बालकाच्या धनुर्वाताची लक्षणे बहुतांशी जन्मानंतर तिसऱ्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान दिसू लागतात; पहिल्या आठवड्याचा अखेरचा भाग त्यात विशेष धोक्याचा असतो. दोन दिवस नीट पिणारे बाळ एकाएकी अंगावर पिणे सोडते, त्याचा जबडा आवळतो, मग अंग ताठते आणि झटके येऊ लागतात. ह्या रोगाचे जंतू मातीत व जनावरांच्या शेणात असतात आणि कापलेल्या नाळेच्या ओल्या टोकातून ते बाळाच्या शरीरात शिरतात. नाळ विळ्याने किंवा हाती लागेल त्या पात्याने कापणे, तिच्यावर शेणाची राख किंवा माती लावणे, ह्या रूढी त्याला कारण होत्या. हे कारण ठाऊक नसलेल्या घराला एवढेच दिसत असे की, सुखरूप जन्मलेले बाळ पाचव्या-सहाव्या दिवसाच्या सुमारास कोणीतरी येऊन नेते. सटवीच्या कथेचा उगम केवळ ह्या रोगात आहे, असे म्हणणे एकांगी ठरेल. परंतु जागरणाची रात्र नेमकी ह्याच दिवसांत यावी, ही गोष्ट दुर्लक्षिण्यासारखी नाही. पूजेत बाळाच्या रक्षणासाठी ठेवलेला विळा आणि नाळ कापणारा विळा हे पुष्कळदा एकाच घरातले असत, ही ह्या इतिहासातील सर्वांत क्लेशदायक बाब आहे.

३. पाळण्याची रचना : दिवसांची मोजणी

ह्या पार्श्वभूमीवर पाळण्याच्या रचनेकडे पाहिले म्हणजे तिचा एक विशेष ठळकपणे जाणवतो. लोकप्रचलित पाळण्यांतील फार मोठा भाग दिवसांच्या क्रमाने बांधलेला असतो. पहिले कडवे पहिल्या दिवसाचे, दुसरे दुसऱ्या दिवसाचे, असे करीत बाराव्या दिवशी बाळाला पाळण्यात घालून नाव ठेवले जाते. प्रत्येक कडव्याला ‘जो जो’चे पालुपद जोडलेले असते. राम, कृष्ण, शिवाजी महाराज, डॉ. आंबेडकर यांच्यावरील पाळण्यांतही हा साचा अनेकदा वापरला गेला आहे. कडव्यांतील तपशील बाळंतिणीच्या खोलीतले असतात : न्हाऊ-माखू, शेक-शेगडी, धुरी, बाळंतविडा, सुंठवडा, आप्तांचे येणे-जाणे, पाचवी-सहावीची पूजा.

हा साचा स्मरणाला सोपा म्हणून रूढ झाला, हे कारण योग्यच आहे. पण मोजणी बाराव्या दिवशीच का थांबते? महिन्यांची, ऋतूंची किंवा वर्षांची मोजणी ह्या गीताने का केली नाही? मराठीतील बारामासी गीतप्रकार महिने मोजतात. पाळणा मात्र दिवस मोजतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांत होणाऱ्या बालमृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश मृत्यू पहिल्या सात दिवसांतच होतात. म्हणजे पाळणा ज्या काळाची मोजणी करतो, त्यातच जिवाला सर्वांत अधिक धोका असतो. प्रत्येक कडवे हा निभावलेला एक दिवस आहे. अशा रीतीने वाचले असता पाळण्यातील पुनरुक्ती कंटाळवाणी राहत नाही. बारा दिवसांचा हिशेब पुरा झाला आणि बाळ अजून आपल्यात आहे, असे सर्वांसमक्ष सांगण्याचे काम ती करते.

हा हिशेब पुरा न होण्याचा अनुभव मराठी सामाजिक इतिहासात नोंदलेला आहे. आनंदीबाई जोशी (१८६५-१८८७) यांना चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि वैद्यकीय साहाय्याअभावी तो दहा दिवसांत दगावला. ह्या घटनेने त्यांना वैद्यकाच्या शिक्षणाकडे वळविले, हे सर्वश्रुत आहे. १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथे त्यांनी पदवी मिळविली तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदू समाजातील प्रसूतिविद्या हाच होता. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ‘दहा दिवस’ हा तपशील महत्त्वाचा आहे. सहावी रात्र उलटली होती आणि बारावा दिवस उजाडला नव्हता. पाळण्याच्या कडव्यांच्या भाषेत सांगावयाचे तर ते गीत अखेरच्या दोन कडव्यांपाशी थांबले.

पाळण्याला न सांगता येणारी ही बाजू मराठी गद्याने, विशेषतः स्त्रियांच्या आत्मकथनाने सांगितली आहे. अहमदनगर आणि राहुरी येथे दीर्घकाळ वास्तव्य केलेल्या लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये (प्रथम भाग १९३४) संसारातील सुखासोबत अपत्यवियोगही आला आहे. गीत निभावलेल्या बाळांचे असते. न निभावलेल्या बाळांसाठी समाजाने गीत रचले नाही. जात्यावरच्या ओवीत मात्र ह्या दुःखाला थोडी जागा मिळाली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या पुढाकाराने एक हजाराहून अधिक गावांतून लाखाहून अधिक ओव्यांचा जो संग्रह झाला, तो ह्या अंगाने वाचण्याजोगा आहे. पाळणा चारचौघींत म्हटला जातो, तर ओवी पहाटे एकटीने किंवा दोघींनी दळताना. ह्या प्रसंगभेदाने दोन्ही प्रकारांची आशयमर्यादा ठरते, हे विद्यार्थ्यांच्या ध्यानी आणून द्यावयास हवे.

४. नावांचा आडपडदा

बाराव्या दिवशी नाव ठेवले जाते, परंतु आधीची मुले गेली असतील किंवा हे मूल मोठ्या कष्टाने वाचले असेल, तर नावातही स्वागत उघड केले जात नाही. दगडू, धोंडू, केरू, उकिरडा, भिकू ही नावे ह्या वर्गातली होत. खानदेशाकडे सुपडू आणि विदर्भात कवडू अशी नावे आढळतात. त्यांच्यामागे लहानसे विधी असत. बाळाला क्षणभर उकिरड्यावर किंवा सुपात ठेवून दुसऱ्या बाईने ते ‘सापडले’ म्हणून उचलायचे. किंवा मूठभर धान्याला, कवडीला ते ‘विकत’ घ्यायचे. मुलाचे नाक टोचून त्याला मुलगी भासविण्याच्या प्रथेतून नथू हे नाव आले. जे मूल आपले नाहीच, ज्याला किंमतच नाही, ते नेऊन काळाला काय मिळणार, असा हा युक्तिवाद आहे. गालावरची तीट, पहिल्या दिवसांत अंगावर घातलेले जुने कपडे, दारात ओवाळून टाकलेला भाकरतुकडा ह्यांचाही अर्थ तोच.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. धोंडू हे नाव अधिक महिन्यात, म्हणजे धोंड्याच्या महिन्यात जन्मल्यामुळेही ठेवले जाई. तेव्हा प्रत्येक धोंडूमागे अवघड बाळंतपण शोधू नये. दुसरी सावधगिरी अधिक गंभीर आहे. दिसायला अशाच प्रकारचे एक नाव मुलींना दिले गेले, ते म्हणजे नकुशी किंवा नकोशी. दगडू म्हणणारे घर प्रेम लपविते. नकुशी म्हणणारे घर नकार जाहीर करते. दोन्ही नावे वरवर तुच्छतादर्शक असली तरी त्यांची कार्ये परस्परविरुद्ध आहेत. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये सातारा जिल्ह्यात अशी नावे असलेल्या २८० हून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. त्या दिवशी जे झाले, ते एका अर्थाने उशिराचे बारसे होते. स्वागताच्या भाषेचा अभ्यास करताना ती सर्व बाळांना समान लाभत नव्हती, हे नजरेआड करता येणार नाही. अवघड बाळंतपणानंतर मुलगा झाला तर वेदनांचे सार्थक झाले असे म्हणायचे आणि मुलगी झाली तर ‘दोघी सुखरूप आहेत ना’ एवढ्यावर समाधान मानायचे, हा फरक आपल्या बोलण्यात आजही पूर्णपणे मावळलेला नाही.

५. जामखेड : अडण्याआधीचा विचार

आता प्रारंभी निर्देशिलेल्या जामखेडकडे वळू. जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचा, बीड जिल्ह्याला लागून असलेला हा अवर्षणप्रवण तालुका. डॉ. रजनीकांत आरोळे (१९३४-२०११) आणि डॉ. मेबल आरोळे (मृत्यू १९९९) ह्या दांपत्याने १९७० मध्ये येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. रजनीकांत आरोळे ह्याच जिल्ह्यातले. प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ च्या सुमारास ह्या गावांत जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १७६ बालके वर्षाची होण्यापूर्वीच दगावत. म्हणजे साधारणपणे सहा पाळण्यांमागे एक पाळणा रिकामा होई. १९७२ च्या दुष्काळाने त्यात भरच घातली. १९९० च्या दशकापर्यंत हे प्रमाण हजारी तीसच्या आत आले. ह्या कार्यासाठी आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि त्यांचा अनुभव ‘जामखेड’ ह्या ग्रंथात १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला.

हा बदल मुख्यत्वे गावानेच निवडलेल्या आरोग्यसेविकांनी घडविला. त्यांतल्या अनेकजणी निरक्षर होत्या आणि अनेकजणी दलित समाजातल्या होत्या. प्रशिक्षणासाठी त्या जामखेडला येत, एकत्र राहत आणि एकत्र जेवत. ह्या निवडीचा सामाजिक अर्थ समजण्यासाठी सुईणीचे गावातील स्थान आठवावे लागते. अनेक गावांत बाळंतपण करणे, नाळ कापणे, वार पुरणे ही कामे मातंग समाजातील स्त्रियांकडे असत. घरातल्या बाळाला पहिला स्पर्श त्यांचा होई आणि तरीही घराला त्यांचा स्पर्श चालत नसे. पाळण्याच्या गीतांत आत्याला मान आहे, मावशी-मामीला आहे, पाळणा घडविणाऱ्या सुताराला आणि वाळे-बिंदल्या घडविणाऱ्या सोनारालाही आहे. ज्या बाईच्या हातात बाळ प्रथम आले, तिचा उल्लेख मात्र क्वचितच येतो. ही अनुपस्थिती योगायोगाची मानता येत नाही. जामखेडमध्ये अशाच समाजांतील स्त्रिया ज्ञान असलेल्या बाई म्हणून चौकटीतून आत आल्या. साबणाने धुतलेले हात, नवे पाते, स्वच्छ दोरा आणि नाळेवर काहीही न लावणे, हे त्यांचे साहित्य आणि शास्त्र होते. गरोदर स्त्रीला धनुर्वाताची लस देणे हा त्याचा दुसरा भाग. ह्याच साध्या उपायांच्या देशव्यापी प्रसारामुळे २०१५ मध्ये भारतातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर करण्यात आले. निर्मूलन म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहूनही कमी रुग्ण.

भाषेच्या अंगाने येथे एक महत्त्वाचे स्थित्यंतर दिसते. जुनी बोली ‘अडलेली बाई’ म्हणत होती. आरोग्यसेवेची मराठी ‘जोखमीची माता’ म्हणू लागली. अडणे हे घडून गेल्यावर कळते; जोखीम आधी ओळखावी लागते. आईची उंची फार कमी आहे, पायावर सूज आहे, आधीचे मूल पोटातच गेले आहे, बाळ आडवे आहे, ह्या खुणा पाहून बाळंतपण अवघड होण्याआधीच रुग्णालयाची वाट धरावयाची असते. क्रियापदाच्या जागी विशेषण आले आणि त्याबरोबर काळही बदलला. दैवाचा भाग असलेली घटना तजविजीचा भाग झाली.

चिकाच्या दुधाची गोष्टही अशीच. गाईच्या चिकाचा खरवस आपण आवडीने खातो. बाळंतिणीचा चीक मात्र वाईट म्हणून पिळून टाकण्याची आणि बाळाला दोन-तीन दिवस मध किंवा साखरपाणी चाटविण्याची रूढी पुष्कळ घरांत होती. रोगप्रतिकारक द्रव्यांनी समृद्ध असलेले ते पहिले दूध बाळाला नाकारले जाई, आणि तेही त्याच्या भल्याच्या हेतूने. खरवसाच्या उदाहरणावरून हा विषय उलगडता येतो. घरातल्या परिचयाच्या शब्दाला धरून नवी गोष्ट सांगितली की ती लवकर रुजते. म्हणून जेथे आरोग्यशिक्षणाने लोकांच्या बोलीचा आधार घेतला तेथे त्याचा मार्ग सुकर झाला.

६. दोन कालगणना

पाळण्याच्या दिवसमोजणीचे पुढे काय झाले, हा शेवटचा मुद्दा. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण देऊन घरच्या घरी नवजात बालकाची काळजी घेण्याची पद्धत उभी केली. त्या प्रयोगात नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात नोंदविले आहे. पुढे २०११ पासून ही पद्धत राष्ट्रीय पातळीवर आशा स्वयंसेविकांमार्फत स्वीकारण्यात आली. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते; बाळंतपण घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही. बाळ पिते की नाही, अंग गार आहे का, श्वास जलद आहे का, नाळ ओली आहे का, हे ती पाहते. तिच्या पिशवीत तापमापक असतो आणि वजनाचा काटा असतो. त्या काट्याला कापडाची झोळी टांगलेली असते आणि तीत ठेवून बाळाचे वजन होते.

पाचवी, सहावी, बारावा दिवस, सव्वा महिना ही एक कालगणना. तीन, सात, चौदा, एकवीस, अठ्ठावीस, बेचाळीस ही दुसरी. दोहोंची सुरुवात आणि शेवट एकमेकींच्या किती निकट आहेत, हे पाहता लोकपरंपरेने धोक्याचा काळ अचूक ओळखला होता असे म्हणावे लागते. तिला जे ओळखता आले नाही ते धोक्याचे कारण. परंपरेने जागरण दिले, पण जागणाऱ्या डोळ्यांनी काय पाहावे हे तिला सांगता आले नाही. ते सांगण्याचे काम आज आशाताईंची नोंदवही करते.

म्हणूनच परंपरेविषयीच्या दोन्ही टोकाच्या भूमिका घातक ठरतात. सटवीची पूजा ही निव्वळ अंधश्रद्धा म्हणून हिणवली तर घर बंद होते आणि सेविकेला उंबऱ्यातूनच परत जावे लागते. उलट, परंपरेत सर्व शहाणपण होतेच असे म्हणून तिचे गोडवे गायले तर सोयराच्या नावाखाली आजारी बाळ बाराव्या दिवसापर्यंत खोलीतच राहते. महाराष्ट्रात २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार अर्भकमृत्यूचे प्रमाण हजारी १६ होते आणि त्यांपैकी ११ मृत्यू पहिल्या २८ दिवसांतले होते. एकूण मृत्यू घटले, पण जे उरले त्यांतील दोन तृतीयांशाहून अधिक ह्याच काळात होतात. पाळण्याने मोजलेले दिवस आजही सर्वांत अवघड आहेत.

दरम्यान भाषेत नवे शब्द येत आहेत. कमी दिवसांचे, कमी वजनाचे बाळ आता ‘पेटीत’ किंवा ‘काचेत’ ठेवलेले असते. ‘बाळ पेटीतून बाहेर आले’ ही आजच्या घरातली मोठी आनंदवार्ता आहे, आणि तिची रचना ‘बाई सुटली’ ह्या जुन्या वार्तेसारखीच आहे. मधल्या काळात ‘पाळणा लांबविणे’ ह्या कुटुंबनियोजनाच्या शब्दप्रयोगानेही पाळण्याला नवा अर्थ दिला होता. जन्मलेले मूल जगेल असा भरवसा आल्याशिवाय पाळणा लांबविण्याचा सल्ला कोणी ऐकत नाही, हा जामखेडसारख्या ठिकाणचा अनुभव त्या अर्थामागे आहे. पेटीतील बाळाचे बारसे बाराव्या दिवशी होऊ शकत नाही. ते घरी आल्यावर, कधी महिन्याने, कधी दोन महिन्यांनी होते. तिथी बदलली तरी विधीचे तत्त्व बदललेले नाही. बाळ निभावले हे निश्चित झाल्यावरच त्याला नावाने हाक मारावयाची, हेच ते तत्त्व होय.

७. समारोप

वरील विवेचनातून पाळण्याच्या अध्यापनासंबंधी काही सूचना निघतात. पाळणा शिकविताना तो कोणत्या दिवशी, कोणासमोर आणि कशानंतर म्हटला जातो, हे रसविवेचनाच्या आधी सांगावे. जात्यावरच्या ओव्या, व्यक्तिनामे आणि बोलीतील वाक्प्रचार ही सामग्री त्याच्यासोबत एकत्र वाचावी. तसेच आपल्या वर्गात बसणाऱ्या ग्रामीण विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरी आई, आजी किंवा काकू ह्यांनी सुईण, आरोग्यसेविका अथवा आशाताई म्हणून काम केलेले असते, हे ध्यानात ठेवावे. त्यांच्याकडून ऐकलेले शब्द नोंदविण्याचे छोटे प्रकल्प पदव्युत्तर स्तरावर सहज होऊ शकतील. सुईणींची पिढी आता उतरणीला लागली आहे. ‘वार’, ‘अडणे’, ‘पायाळू’ ह्या शब्दांमागचा तिचा अनुभव तिच्याबरोबर जाण्यापूर्वी नोंदविला जावा.

बारशाला बायका बाळाला पाळण्याच्या खालून-वरून एकमेकींच्या हाती देतात, आत्या त्याच्या कानात नाव सांगते आणि तिच्या पाठीत धपाटे बसतात. ह्या हसण्याखेळण्याला रिकामा उत्साह समजू नये. त्यामागे अकरा दिवस न उच्चारलेली भीती असते, एका बाईचे अडणे आणि सुटणे असते, आणि गीतात जिला जागा मिळाली नाही अशा दुसऱ्या एका बाईचे हात असतात. अवघड बाळंतपणानंतर घरी आलेल्या बाळाचे स्वागत मराठी भाषा कशी करते, ह्या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच पाळण्याच्या रचनेत दडलेले आहे : ती आधी दिवस मोजते, आणि मोजणी पुरी झाल्यावर नाव घेते.